वेरोनिका आणि वेरोनिक

पोलंडमधलं क्राकूव शहर. मुख्य चौकात निदर्शनं चालली आहेत, धावपळ सुरू आहे. त्या गर्दीतून जाताना वेरोनिका एकदम थबकते. समोर पर्यटकांची बस, आणि बसमध्ये चढणारी मुलगी हुबेहूब तिच्यासारखी! ती मुलगी खिडकीतून भराभर फोटो काढते. वेरोनिकाकडे तिचं लक्षच जात नाही. बस वळते आणि निघून जाते.

क्रिस्तोफ किश्लोव्हस्की या दिग्दर्शकाचा १९९१ सालचा चित्रपट, 'द डबल लाइफ ऑफ वेरोनिक'. पोलंडची वेरोनिका आणि फ्रान्सची वेरोनिक, दोन्ही भूमिकांत इरेन जेकब. त्यासाठी कान चित्रपट महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.

दोघींना आई नाही, दोघींचा गळा गोड, दोघींचं हृदय आजारी. मैफलीत वरचा सूर लावताना वेरोनिका कोसळते, तिथेच संपते. तिच्या दफनाच्या वेळी कॅमेरा खड्ड्यात असतो. वर माणसं उभी, आणि मातीचा एकेक ढेकूळ थेट आपल्यावर पडतो. हळूहळू उजेड बंद होतो. मृताच्या जागी प्रेक्षकाला असं झोपवण्याचं धाडस फार थोड्यांनी केलं असेल.

तिकडे फ्रान्समध्ये वेरोनिकला अचानक रडू येतं. कोण गेलं, ते तिला माहीत नाही. तरी दुःख खरं असतं. ती गाणं सोडून देते आणि तिचा जीव वाचतो. शाळेत मुलांना मात्र ती, वेरोनिका ज्याची रचना गाताना कोसळली, त्याच डच संगीतकाराची रचना शिकवते. हा संगीतकारही काल्पनिक. त्याच्या नावावरचं सगळं संगीत झ्बिग्निएव्ह प्राइस्नरचं.

छायाचित्रकार स्वावोमिर इजाकने फिल्टर लावून सबंध चित्रपटाला पिवळसर-हिरवी झाक दिली. त्यामुळे माणसांची कातडीसुद्धा आतून उजळल्यासारखी दिसते.

पुढे वेरोनिकने क्राकूवमध्ये बसमधून काढलेल्या फोटोंमध्ये एका पुरुषाला तिचा चेहरा दिसतो. 'ही तूच ना?' ती म्हणते, हा कोट माझा नाही. इतके दिवस तो फोटो तिच्या पर्समध्येच पडून होता.

मूळ शेवटी ती वडिलांच्या घराबाहेर गाडी थांबवून झाडाला हात लावते. अमेरिकेत दाखवलेल्या आवृत्तीत वडिलांची मिठीही जोडली होती. मला झाडाचा शेवटच पटतो. मिठीत तिला दिलासा मिळतो खरा, पण जिच्यासाठी ती रडली होती, ती वेरोनिका तिथे विसरली जाते.