कोपऱ्यापर्यंत पोचणारी हवा

(पुण्यात फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी रेसची गाडी बांधणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, संपादित)

मुलांनो, पहिल्या रांगेत एक काळा तुकडा दिलाय, तो हातोहात मागे जाऊ द्या. कापलेल्या कडेला बोट लावू नका, कार्बनचं कुसळ कातडीत शिरलं की लवकर निघत नाही. हा मी बनवलेल्या एका बॉनेटचा भाग आहे. वरचं विणकाम आजही आरशासारखं दिसतं. पण हेडलॅम्पच्या खाचेतला आतला कोपरा बघा: जेलकोटचा, म्हणजे वरच्या गुळगुळीत थराचा, टवका उडालाय आणि खाली पोकळी आहे. बॉनेट तीन महिन्यांत परत आलं, तेव्हा तिथे नख आत जात होतं. चूक सर्वस्वी माझी. तुमच्या नोजकोनच्या, म्हणजे गाडीच्या पुढच्या टोकाच्या, साच्यात असे सहा-सात कोपरे मी आत्ताच मोजले, म्हणून आज कोपऱ्यावरच बोलणार आहे.

आधी पंपाचं. आपण राळेत भिजवलेलं कार्बनचं कापड साच्यात बसवतो, वर प्लास्टिकची पिशवी चिकटवून तिला पंप जोडतो, आणि राळ घट्ट होईपर्यंत कापड साच्याला दाबलेलं राहावं लागतं. पंप पिशवी ओढून धरतो असं आपण बोलून जातो. पंप फक्त आतली हवा काढतो. दाबते ती बाहेरची हवा. समुद्रसपाटीला तिचा भार दर चौरस मीटरला साधारण 10 टन. पुणे 560 मीटर उंचीवर, त्यामुळे इथे थोडा कमी, साडेनऊच्या वर. म्हणूनच मुंबईत व्हॅक्यूम गेजचा काटा पाऱ्याच्या 30 इंचांच्या जवळ जाऊ शकतो आणि पुण्यात 28 च्या आसपास अडतो. पंप बिघडला म्हणून मला फोन येतात, आणि बहुतेक वेळा पंप ठणठणीत असतो. दीड चौरस मीटरच्या बॉनेटवर तरीही 14 टन बसतात, सगळीकडे सारखे, कुठलाही प्रेस नसताना. इतकी वर्षं झाली, मला अजून त्याचं अप्रूप वाटतं.

मात्र पिशवी जिथे टेकेल तिथेच हा भार पोचतो. खोल कोपऱ्यावर कापड ताणलं गेलं, की ते दोन्ही भिंतींना धरून मधे पुलासारखं लटकतं. त्याला आम्ही ब्रिजिंग म्हणतो. खाली राळ साचते, नाहीतर पोकळी राहते, आणि नुसती राळ काचेसारखी ठिसूळ असते. ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखाली तापवणारी बंद भट्टी, असता तर हे झालं नसतं, असं समजू नका. 1981 च्या मॅक्लारेन एमपी4/1 पासून फॉर्म्युला वनच्या गाड्यांचा सांगाडा कार्बनचा व्हायला लागला. तिथे ऑटोक्लेव्हमध्ये याच्या कितीतरी पट दाब देतात, पण पिशवी कोपऱ्यावर लटकलेली असेल तर त्या दाबाने ती तिथेच फुटते.

इलाज साच्यापासून सुरू होतो. पॅटर्नवरच, म्हणजे ज्याच्यावरून साचा काढतो त्या नमुन्यावरच, आतल्या कोपऱ्याला गोलाई द्या; 5 मिलिमीटरच्या खाली मी आता जात नाही. उभ्या भिंतींना दोन-तीन अंशांचा उतार हवा, नाहीतर पॅनेल साच्यातून सुटणार नाही. वॉटर पेपर, म्हणजे पाण्याने घासायचा पॉलिश पेपर, 400 नंबरपासून 2000 पर्यंत कंटाळा न करता मारा. पॅटर्नवरचा ओरखडा साच्यात उतरतो आणि साच्यातून प्रत्येक पॅनेलवर.

कापड टू-बाय-टू ट्विल, म्हणजे तिरप्या रेघांच्या विणीचं, घ्या. साध्या विणीपेक्षा ते वळणावर चांगलं बसतं. कोपऱ्यात आधी बोटाने दाबायचं आणि मग तिथून बाहेर पसरत जायचं. उलट केलंत तर कापड ताणलंच म्हणून समजा. तीन थरांना कापडाचं वजन 900 ग्रॅम भरलं, तर राळही साधारण तेवढीच, आणि हार्डनर, म्हणजे राळ घट्ट करणारं रसायन, वजनकाट्यावर मोजून. उरलेली राळ डब्यात साठवून ठेवू नका, तापून धूर येतो. पसरट ट्रेमध्ये ओता.

वर पील प्लाय (नंतर सोलून काढायचं कापड), भोकांची फिल्म, ब्रीदर (हवेला वाट देणारा जाड थर) आणि मग पिशवी. पिशवी साच्यापेक्षा बरीच मोठी कापा आणि जास्तीच्या फिल्मच्या उभ्या चुण्या टॅकी टेपने (पिशवी साच्याला चिकटवणाऱ्या चिकट पट्टीने) बांधा. नऊवारीच्या निऱ्यांसारखं आहे हे: जादा कापड हाताशी नसेल तर पाऊल टाकता येत नाही. पंप सुरू केल्यावर लगेच पूर्ण व्हॅक्यूम लावायचा नाही. काटा 5 इंचांवर थांबवा, चुणीतली फिल्म बोटांनी प्रत्येक कोपऱ्यात लोटा, मगच वाढवा. त्या बॉनेटच्या वेळी मी ही दहा मिनिटं वाचवली होती.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट. दमट हवेत हार्डनरमधली अमाइन नावाची रसायनं हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओल यांच्याशी मिळून वर मेणचट थर आणतात. पुढचा थर किंवा रंग त्याच्यावर धरत नाही. तो कोमट पाण्याने धुवून काढा. आधीच पॉलिश पेपर मारलात तर मेण खाली रगडलं जातं.

कामाआधी, कोरड्या साच्यावर पिशवी बांधून, पंपाचा व्हॉल्व्ह बंद करा आणि 15 मिनिटं काटा बघा. उतरला तर खोलीतला पंखा बंद करा, सगळ्यांना गप्प करा आणि कान टेपच्या कडेने फिरवा. गळती शिट्टीसारखी बारीक वाजते. बहुतेक वेळा ती चुणीच्या बुडाशी सापडते.

तुकडा शेवटच्या रांगेपर्यंत पोचला का? आता साच्याभोवती या. राळ अजून कालवलेली नाही; तोवर प्रत्येकाने एकेक कोपरा बोटाने चाचपून बघा.