पाच जागा, आठ नावे

श्रोतेहो, नमस्कार.

पाऊस परतला, ऑक्टोबरचे ऊन तापू लागले, की मुंबईत अपोलो बंदरासमोरच्या पाण्यात शिडांच्या बोटी पुन्हा दिसू लागतात आणि त्याच सुमारास हौशी बोटमालकांचे फोनही सुरू होतात. सगळ्यांची विचारणा एकच असते: ‘रविवारी कोणी मोकळे आहे का?’ बोट रंगवून तयार असते, शीड शिवून आलेले असते, दोर नवे असतात, आणि हे सगळे चालवायला माणसेच नसतात. बरीच वर्षे मी याच फोन करणाऱ्यांपैकी एक होतो. आज बोलायचे आहे ते याच विषयावर: शर्यतीच्या बोटीला साथीदार मिळवावेत कसे, आणि मुख्य म्हणजे मिळालेले साथीदार टिकवावेत कसे.

आधी बोटीवर किती जण लागतात ते सांगतो. इंग्लंडच्या जॅक होल्ट यांनी १९५६ साली आखलेली ‘एंटरप्राइज’ ही छोटी होडी आपल्याकडे अनेकांनी चालवली आहे. तिला दोघे पुरतात. आमची बोट चोवीस फुटी आहे आणि तिच्यावर पाच जण लागतात. एक सुकाणूवर, एक मोठ्या शिडाच्या दोरावर, एक पुढच्या शिडावर, एक डोलकाठीपाशी शिडे चढवायला-उतरवायला आणि पाचवा अगदी पुढे, नाळेवर. वारा मागून असतो तेव्हा फुग्यासारखे जे मोठे शीड फुलवतात त्याला स्पिनकर म्हणतात, आणि त्याचा आडवा दांडा डोलकाठीला अडकवणे, वळताना सोडवून दुसऱ्या बाजूला लावणे, हे काम नाळेवरच्या माणसाचे. बोट हलत असते, पाणी अंगावर येत असते आणि दोन्ही हात कामात गुंतलेले असल्यामुळे धरायला काहीच उरत नाही. मागे सुकाणूवर बसलेल्याला यातले फारसे काही दिसत नाही. त्यामुळे त्याने तिथून सूचना देणे म्हणजे बहुधा उंटावरून शेळ्या हाकणेच असते.

यातील कोणालाही पगार नसतो, आणि सगळी अडचण इथूनच सुरू होते. एकोणिसाव्या शतकातील श्रीमंत लोक पगारी खलाशी ठेवून शर्यती जिंकत असत. न्यूयॉर्कजवळ १८७१ साली स्थापन झालेल्या सीवानहाका कोरिंथियन यॉट क्लबाने याला वेगळे वळण दिले: मालकाने आपली बोट स्वतः हाकावी आणि सोबतीला हौशी माणसे घ्यावीत. हौशी दर्यावर्दींना ‘कोरिंथियन’ म्हणण्याची पद्धत त्या वर्तुळात आजही आहे. आपल्या किनाऱ्यावरचा हिशेब मात्र निराळा आणि जास्त स्पष्ट आहे. कोळीवाड्यात नाखवा असतो, तांडेल असतो, खलाशी असतात आणि परंपरेने मासळीच्या उत्पन्नाचे वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, माणसाचा वाटा. आपण कशासाठी ओढतो आहोत हे प्रत्येकाला माहीत असते. आमच्या बोटीवर मासळी नाही, पैसा नाही, आणि बक्षीस मिळालेच तर एखादा पितळी पेला मिळतो, तोही मालकाच्या घरी जातो. मग रविवारी पहाटे उठून येणाऱ्या माणसाचा वाटा कोणता? हा प्रश्न मी स्वतःला फार उशिरा विचारला.

माणसे शोधायला आम्ही आधी चुकीच्या ठिकाणी जात होतो. दुसऱ्यांच्या बोटींवरचे तयार गडी आपल्याकडे ओढायचे, हा सोपा मार्ग असतो. पण जो आमिषाने आला तो पुढच्या आमिषाने जातोही, आणि बंदरात रोज तोंडे पाहायची असल्यामुळे वैर पदरी पडते ते वेगळेच. आमचे उत्तम साथीदार पाण्याबाहेरून आले. सह्याद्रीत कडे चढणाऱ्या मंडळींना दोराची भीती नसते आणि गाठी त्यांच्या बोटांत बसलेल्या असतात. शाळेत खो-खो खेळलेली एक मुलगी पहिल्याच दिवशी बूमखालून, म्हणजे मोठ्या शिडाच्या तळाशी असलेल्या आडव्या दांड्याखालून, अशी झुकून सरकली, की आम्ही बघतच राहिलो. इतरांना ती सवय लागायला दोन महिने आणि कपाळावर दोन टेंगळे लागतात. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ हातात घड्याळ धरून सुरुवातीची मिनिटे मोजतात. ते इतके अचूक मोजतात, की आता शेजारच्या बोटीही त्यांच्याकडे कान लावतात. शिवाय हा बहुधा एकच खेळ असेल जिथे सुटलेल्या पोटाचा मान राहतो: जोराच्या वाऱ्यात वाऱ्याकडच्या काठावर वजन लागते, आणि आमचे एक भारदस्त मित्र तिथे बसले, की बोट सरळ होते.

नव्या माणसाला थेट शर्यतीत नेऊ नये. आधी एक संथ फेरी, जीवरक्षक जॅकेट घालून पाण्यात उतरून पाहणे, दोन शिडे आणि चार दोर यांची नावे, एवढे पुरे. हिवाळ्यातील सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा मंद असतो. या शिकवणीसाठी ती वेळ सर्वांत चांगली. दुपारी वायव्येचा वारा चढतो, आणि त्यातच अमावास्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाची ओहोटी असली, तर मुंबई बंदरातील पाणी किती जोराने बाहेर खेचते ते नवशिक्याला पहिल्या दिवशी दाखवण्याची गरज नाही.

आता माझ्या चुकीविषयी. एका फेब्रुवारीत आम्ही दुसऱ्या क्रमांकावर होतो आणि शेवटच्या बोयाला, म्हणजे शर्यतीचा मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेला, वळसा घालून वारा मागे घ्यायचा होता. नाळेवर तीच खो-खोवाली मुलगी होती. स्पिनकरचा दांडा डोलकाठीपासून सुटेना. मी मागून ओरडलो, मग आणखी मोठ्याने ओरडलो. उचलली जीभ लावली टाळ्याला. शीड पुढच्या तारेभोवती पिळले गेले, तीन बोटी पुढे निघून गेल्या आणि आम्ही शेवटून दुसरे आलो. परत आल्यावर तिने शीड गोड्या पाण्याने धुतले, वाळवले, व्यवस्थित घडी घालून पिशवीत भरले आणि ‘येते’ म्हणून निघून गेली. पुढचे दोन रविवार ती आली नाही. तिसऱ्या आठवड्यात मी फोन केला. ती रागावली नव्हती, आणि त्यामुळेच मला ऐकणे अवघड गेले. ती म्हणाली, “काका, तुम्हाला मागून दांड्याचा चाप दिसत नव्हता. त्याची स्प्रिंग गंजली आहे, अंगठ्याने कितीही दाबा, आत जात नाही. मी तुम्हाला हे डिसेंबरात सांगितलं होतं.”

सांगितले होते, हे खरे होते. मी ‘बघू’ म्हटले होते. मी शिडीवरून बोटीवर उतरलो, तो चाप हातात घेतला, आणि मलाही तो दाबता आला नाही. बाजारात त्या स्प्रिंगची किंमत एका वडापावपेक्षा फार जास्त नव्हती.

त्या आठवड्यापासून बोटीवर एक वही आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. शर्यत संपल्यावर ज्याला जे खटकले ते त्याने लिहायचे: कुठला दोर झिजला, कुठली कप्पी फिरत नाही, कोण कशाच्या आड आले. पुढच्या शर्यतीआधी मी प्रत्येक नोंदीपुढे काय केले ते लिहून सही करतो, आणि केले नसेल तर तसेही लिहितो. माणसे कष्टाला कंटाळत नाहीत, पण आपले म्हणणे हवेत विरते हे कळले की ती कंटाळतात.

दुसरा बदल आवाजाचा. शर्यतीची सुरुवात पाच मिनिटे आधीच्या झेंड्याने होते, चार मिनिटांना दुसरा झेंडा चढतो, एक मिनिट उरले की तो उतरतो, आणि मग सुटायचे. या पाच मिनिटांत वीस बोटी एकमेकींच्या अंगावर येत असतात आणि तेवढेच लोक ओरडत असतात. आम्ही ठरवले, की या वेळात फक्त दोघे बोलतील: घड्याळवाले आणि सुकाणूवाला. बाकी चर्चा किनाऱ्यावर, खाताना. बोटीवर शांतता आली तेव्हा मला प्रथमच शिडाची फडफड ऐकू येऊ लागली, आणि वारा कुठे सरकला हे त्या आवाजावरून कळते, हे मी पुस्तकात वाचले होते तरी कधी अनुभवले नव्हते.

तिसरी गोष्ट हिशेबाची, आणि ती रुक्ष वाटली तरी सर्वांत उपयोगी आहे. पाच जागांसाठी आम्ही आठ नावे ठेवतो. डोंबिवलीहून येणाऱ्याला मेगाब्लॉक असतो, कोणाच्या घरी साखरपुडा असतो, कोणाच्या मुलाची परीक्षा असते. पाचच नावे असतील तर प्रत्येक सुट्टी अपराध ठरते आणि माणूस खोटी कारणे सांगू लागतो. आठ असतील तर तो मोकळेपणी ‘या रविवारी नाही’ म्हणतो आणि पुढच्या रविवारी येतो. शर्यतींच्या मालिकेत पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, असे गुण मिळतात आणि ज्याचे सर्वांत कमी तो जिंकतो. जी बोट येतच नाही तिला नोंदलेल्या बोटींच्या संख्येपेक्षा एक गुण जास्त लागतो. म्हणजे कच्च्या गड्यांसह शेवटचे येणेसुद्धा न येण्यापेक्षा बरे असते. आम्ही परतीची वेळही आधी सांगतो आणि ती पाळतो. घरची माणसे रुसली, की सर्वांत उत्साही साथीदारही दोन महिन्यांत गळतो. आणि डब्यात बटाटेवडे कोण आणणार हे शनिवारीच ठरलेले असावे, कारण उपाशी माणसाला कोणताच बोया जवळ वाटत नाही.

एक पथ्य मात्र मोठ्या स्पर्धेच्या वेळी पाळणे फार जड जाते. वर्षभर जे आले त्यांना किनाऱ्यावर बसवून शेवटच्या आठवड्यात बाहेरचा पट्टीचा खेळाडू आणायचा मोह होतो. मी एकदा तो केला, एक चषक मिळाला, आणि दोन साथीदार कायमचे गेले. १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या नौकानयन शर्यती याच मुंबईच्या पाण्यात झाल्या आणि फायरबॉल या दोघांच्या होडीत फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक मिळवले. पदक सुकाणूवाल्याला आणि साथीदाराला सारखेच मिळते. आमच्या क्लबाच्या फलकावर मात्र अजूनही फक्त मालकाचे नाव लिहितात. आमच्या बोटीपुरते आम्ही पाचही जणांची नावे लिहायला लावली, आणि रंगाऱ्याने जागा पुरत नाही म्हणून कुरकुर केली.

वाट्याच्या प्रश्नाला शेवटी मला जे उत्तर मिळाले ते सुकाणूचे होते. परतीच्या वाटेवर, शर्यत संपल्यावर, सुकाणू कोणीतरी दुसरा धरतो, आणि महिन्यातून एक शर्यत त्याच्या हातात पूर्ण दिली जाते. गेल्या हंगामात अशाच एका रविवारी सुकाणूवर खो-खोवाली होती आणि नाळेवर मी, गुडघ्यांवर पट्ट्या बांधून. बोया आला, बोट वळली, माझा दांडा सुटेना. चाप नवा होता, पण माझा अंगठा भलत्याच जागी होता. मी मागे पाहिले. ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली, “काका, आधी दांडा स्वतःकडे ओढा, मग चाप दाबा. सावकाश. आम्ही थांबतो.”