जुळ्यातली कालवड

[दृश्य: खानापूर तालुक्यातला गोठा. पावसाची झड. दावणीला संकरित गाय, बाजूला दोन वासरं.]

पंधरा दिवसांपूर्वी ही गाय व्याली. जुळं झालं, एक गोऱ्हा आणि एक कालवड. घरच्या मावशी विचारतात, "ही कालवड ठिवायची काय ओ?" गोऱ्ह्याच्या जोडीची कालवड बहुतेक गाभ धरत नाही, हे गावात जुन्या माणसांना ठाऊक असतं. का धरत नाही, हे पशुवैद्यक होताना तुम्हाला सांगता यायला हवं. त्यासाठी आठ महिने मागे, गाईच्या पोटात जावं लागेल.

[दृश्य: प्रयोगशाळा. कवचाला खिडकी पाडलेलं अंडं.]

गाईच्या पोटात डोकावता येत नाही, म्हणून आधी हे कोंबडीचं अंडं बघा. उबवायला ठेवल्यावर दीड दिवसाच्या आसपास हृदय हलू लागतं. तेव्हा ती एक साधी नळी असते. तिला कप्पे नाहीत, झडपा नाहीत, तरी ती धडधडते. तिसऱ्या दिवशी तो लाल ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. पहिल्यांदा पाहताना वर्ग गप्प होतो, आणि व्हावाच.

भ्रूणाच्या तीन थरांपैकी बाह्यस्तरातून मेंदू आणि कातडी, मध्यस्तरातून हृदय, मूत्रपिंडं, स्नायू, अंतःस्तरातून आतड्याचं आणि फुफ्फुसाचं अस्तर. हे तुम्ही पाठ केलंच आहे. लक्षात ठेवायचा तो क्रम. प्रत्येक अवयवाची एक वेळ असते आणि त्या वेळी शेजारी काय चाललंय, यावर पुढचं ठरतं.

[दृश्य: हाताने काढलेलं चित्र. दोन भ्रूण, एकमेकांना चिकटलेली आवरणं.]

आता गाईकडे येऊ. सुरुवातीला नर आणि मादी दोन्ही भ्रूणांत नळ्यांच्या दोन जोड्या असतात. वोल्फियन नळ्यांतून नराचे शुक्रवाहक मार्ग घडतात. म्युलेरियन नळ्यांतून मादीच्या बीजवाहिन्या, गर्भाशय आणि योनीचा आतला भाग. चाळीस दिवसांच्या सुमारास नराचं वृषण आकार घेतं आणि अँटी-म्युलेरियन हॉर्मोन सोडू लागतं. त्यामुळे त्याच्या म्युलेरियन नळ्या विरून जातात. एकट्या मादीत हे हॉर्मोन नसतं, म्हणून तिच्या नळ्या टिकतात आणि वाढतात.

गाईच्या जुळ्यांत मात्र दोन्ही वारांच्या रक्तवाहिन्या बहुधा त्याआधीच जोडल्या जातात. भावाचं हॉर्मोन बहिणीच्या रक्तात उतरतं. तिचं गर्भाशय जेमतेम धाग्याएवढं राहतं, बीजांडकोश खुंटतात. अमेरिकी शास्त्रज्ञ फ्रँक लिली यांनी १९१६ मध्ये या जोडलेल्या रक्तवाहिन्यांवरूनच हे कोडं उलगडलं. हॉर्मोनचं नाव कळायला पुढे बरीच वर्षं गेली. अशा जुळ्यांतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त कालवडी वांझ निघतात.

बाहेरून कालवड कालवडीसारखीच दिसते, कारण योनीचा बाहेरचा भाग वेगळ्या जागेतून घडतो, तो शाबूत राहतो. आपली तपासणी यावरच उभी आहे.

[दृश्य: पुन्हा गोठा. वंगण लावलेली, गोल टोकाची परीक्षानळी.]

या वयाच्या चांगल्या कालवडीत ही नळी योनीतून साधारण १२ ते १५ सेंमी आत जाते. इथे ती सहाच्या खुणेला अडली. जोर लावू नका. शंका उरलीच, तर रक्त तपासून त्यात नराच्या पेशी सापडतात का, ते पाहता येतं.

आता खरं अवघड काम. इकडच्या मुलांच्या घरात मराठी, बाजारात कन्नड आणि पुस्तक इंग्रजीत. परीक्षेत लिहिलेलं उत्तर गोठ्यात तसंच्या तसं बोलता येत नाही. आमच्या विद्यार्थिनीने ते असं सांगितलं: "मावशी, पोटात असताना भावाचं रक्त हिच्या अंगात फिरलं. त्यानं हिची पिशवी वाढलीच नाही. ही गाभ धरायची नाही."

मावशी थोडा वेळ गाईच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या.

"मग गाईत काय खोट न्हाई न्हवं?"

"नाही मावशी. ती माजावर आली की कळवा."