टेपची इंचाची बाजू

(रत्नागिरीत पाणीपुरवठ्याच्या तांत्रिक कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, हातातल्या टेपांकडे जरा बघा. इंचाच्या बाजूवर काल संध्याकाळी मी बसून पांढरी चिकटपट्टी लावली आहे. तीन दिवस ती काढायची नाही.

का, ते सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका पंपघराच्या लोखंडी चौकटीसाठी मी माप घेतलं. पाच फूट सहा इंच. वहीत लिहिलं 5.6. नंतर टेबलाशी बसून त्याला 304.8 ने गुणलं, 1707 मिलिमीटर आले, तेच वर्कशॉपला कळवलं. खरं माप होतं 1676. पाच फूट सहा इंच म्हणजे साडेपाच फूट, पाच दशांश सहा नव्हे. चौकट 31 मिलिमीटर मोठी आली. भर पावसात गवंडी दोन्ही बाजूंचे चिरे तासत होता, कोपरापर्यंत जांभ्याचा लाल चिखल, आणि मी त्याच्यावर छत्री धरून उभा. चूक माझी होती, हात त्याचे सोलले गेले. ते मी विसरलेलो नाही.

1676 हा आकडा तुमच्या ओळखीचा आहे. कोकण रेल्वेच्या दोन रुळांमधलं अंतर तेवढंच. तिथे 31 मिलिमीटर इकडेतिकडे होऊन चालेल का?

फुटात मोजायचं आणि मीटरमध्ये लिहायचं, याला मी मेट्रिक म्हणत नाही. चूक शिरते ती या रूपांतरात. 1983 साली कॅनडात एका बोइंग 767 मध्ये इंधन भरताना लिटरला 0.8 किलोऐवजी 1.77 हा पौंडाचा आकडा धरला गेला. निम्म्याहून कमी इंधनावर विमान उडालं आणि हवेतच दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांच्या कौशल्यामुळे माणसं वाचली.

आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा 1956 चा, अंमल 1 ऑक्टोबर 1958 पासून टप्प्याटप्प्याने. तरी साइटवर अजून सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि ब्रास, म्हणजे शंभर घनफूट, चालतात. घरच्या बोलण्यात गुंठा खुशाल राहू दे, माझी तक्रार नाही. पण चार सूत म्हणजे 12.7 मिलिमीटर, आणि बाजारात त्या नावाने मिळते 12 ची सळई. छेदाचं क्षेत्रफळ जवळपास 11 टक्क्यांनी कमी! म्हणून मागणीपत्रात सूत नको.

चिन्हांचंही तसंच. किलोग्रॅमचा के स्मॉल. कॅपिटल के म्हणजे केल्विन, तापमानाचं एकक. मिलिवॉटचा एम स्मॉल, मेगावॉटचा कॅपिटल, दोघांत अब्जपटीचा फरक. पुढे अनेकवचनाचा एस लावायचा नाही.

आणि ही पद्धत किती सोपी आहे, ते आपल्या पावसातच बघा. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर 1 लिटर पाणी. 100 चौरस मीटर जागा झाकणारं कौलारू छप्पर, मोसमाचा 3000 मिलिमीटर पाऊस: 3 लाख लिटर पागोळ्यांतून जातं. कागद लागला नाही. हाच हिशोब फूट आणि गॅलनमध्ये करून बघा, मग कळेल मी एवढा आग्रह का धरतो.

चला, उठा आता. मागच्या अंगणातली टाकी आतून मोजायची आहे. लांबी, रुंदी, खोली, तिन्ही मिलिमीटरमध्ये, आणि प्रत्येक आकड्यापुढे एकक. दोघांनी वेगवेगळं मोजा. आकडे जुळले की मगच लिटर काढा.