सात प्लेटांचा कूलर

(रेडिएटरची टोपी उघडते. निवेदन तीन सेकंदांनी.)

रेडिएटरमध्ये कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं हिरवं पाणी, असायला हवं. इथे वर आलाय तपकिरी, दाट गाळ, दूध जास्त झालेल्या चहासारखा. मिस्त्री बोट बुडवतात, दोन बोटांत चोळतात, नाकाशी नेतात. ऑईल आहे.

शिरवळ. पुणे-सातारा रस्त्यावर, खंबाटकी घाटाच्या अलीकडचं गाव. कोल्हापूरकडे भरून निघालेली गाडी घाट चढायच्या आधी इथेच थांबते, आणि चालकाला शंका आली तर इथल्याच एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरते. ही गाडी काल संध्याकाळी शिरली.

इंजिन कमिन्सचं, सहा सिलिंडरचं, ५.९ लिटरचं. टाटा आणि कमिन्स यांनी १९९३ साली मिळून कंपनी काढली ती याच घराण्याच्या इंजिनांसाठी. पहिला कारखाना जमशेदपूरला, पुढचा याच सातारा जिल्ह्यात, फलटणला. म्हणून या भागात हे इंजिन डोळे मिटून खोलणारे हात भेटतात.

आता हे हात बघा.

पाण्यात ऑईल दिसलं की बरेच जण थेट हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवायला घेतात. मिस्त्री आधी इंजिन चालू करून रेडिएटरच्या तोंडाशी बसतात. बुडबुडे येतात का, एवढंच बघायचं. सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरत असेल तर तो थांबत नाही, वर येतच राहतो. इथे बुडबुडा नाही, म्हणजे हेडवर संशय नको. मग डिपस्टिक, ऑईल मोजायची सळई. तिच्यावर पांढुरका फेस. म्हणजे पाणीही ऑईलमध्ये गेलंय. वाट एकच आहे, ये-जा दोन्हीकडची. इंजिन चालू असताना ऑईलचा दाब तीन-चार किलो, पाण्याचा किलोभरसुद्धा नाही. तेव्हा ऑईल पाण्यात ढकललं जातं. इंजिन बंद केलं की ऑईलचा दाब शून्यावर येतो, पण तापलेलं पाणी अजून दाबाखालीच असतं. मग ते ऑईलमध्ये उतरतं.

संशय ऑईल कूलरवर, जिथे ऑईल आणि पाणी शेजारून वाहतात. या इंजिनात तो बाहेर टांगलेला नसतो. टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या खाली, ब्लॉकच्या बाजूला एक पोकळी असते, तिच्यात तो बसवलेला. टर्बोची ऑईलची नळी सोडवली, फिल्टर काढला, कव्हरचे बोल्ट एकेक करून सैल केले.

(फक्त पान्याचा आवाज.)

हा तो. स्टीलच्या चपट्या प्लेटा एकावर एक जोडलेल्या. आतून ऑईल वाहतं, बाहेरून पाणी. थंडीच्या पहाटे तो उलटं कामही करतो, पाणी आधी तापतं आणि ऑईलला ऊब देतं. नावात कूलर असला तरी त्याचं काम ऑईल योग्य तापमानाला राखण्याचं.

गरम पाण्याचं टब. कूलरचं एक तोंड बंद, दुसऱ्या तोंडाला कंप्रेसरची हवा. गरम पाणी मुद्दाम, कारण बारीक चीर तापल्यावर उघडते.

(बुडबुड्यांची सलग रेघ. इथे निवेदन नको.)

मिस्त्री प्लेटा मोजतात. पाच. पुन्हा मोजतात, आणि चालकाकडे वळतात.

"हा कुठं बसवला होता, दादा?"

"मागच्या साली, वाटेतच. दुकानदार म्हणाला, बसतोय, चालेल."

बसतो, हे खरं. बोल्टची भोकं जुळतात, कव्हर लागतं, गाडी चालू होते. या इंजिनाला हवा होता सात प्लेटांचा. गाडी तीच, मॉडेल तेच, तरी इंजिन वेगळ्या ताकदीचं असलं की कूलर बदलतो. त्यामुळे दुकानात गाडीचं नाव सांगून भागत नाही. मिस्त्री फडक्याने इंजिनावरची पट्टी पुसतात. तिच्यावर इंजिनचा नंबर, आणि शेजारी सीपीएल नावाचा छोटा नंबर. या इंजिनात कुठले सुटे भाग घातलेत, ते हा नंबर सांगतो. मिस्त्री दोन्ही नंबर पट्टीवरून खडूने दारावर उतरवून घेतात, मग दुकानाला फोन लावतात. मला या सगळ्या चित्रीकरणात हा खडू सगळ्यात मोलाचा वाटतो.

जुन्या कूलरला डाग मारून चालवायचं का, असं चालक विचारतो. मिस्त्री नाही म्हणतात. या इंजिनात ऑईल पंपातून आधी कूलरमध्ये जातं, फिल्टर त्याच्या पुढे. बेअरिंग झिजून निघालेला कण पहिल्यांदा इथल्या प्लेटांत अडकतो, आणि कितीही धुतला तरी सगळा निघत नाही.

या गाडीची बेअरिंग झिजली होती. तीन दिवस आणि भाड्याचे पैसे गेले.

नवा कूलर आला. मिस्त्री तो जुन्याच्या शेजारी ठेवतात. प्लेटा सात. तोंडांमधलं अंतर तेच. पॅकिंगची चौकट वर ठेवून बघतात, प्रत्येक भोक मोकळं दिसलं पाहिजे. आणि मग एक गोष्ट, जी नवशिक्याच्या हातून हमखास राहते: कारखान्यातून येताना धूळ जाऊ नये म्हणून तोंडांना बुचं लावलेली असतात. ती काढायची. राहिली, तर कूलरमधून ऑईलचा थेंब जाणार नाही.

दोन पॅकिंग, एक ब्लॉकच्या बाजूला, एक कव्हरच्या. बोल्ट २४ न्यूटन मीटरला, टॉर्क रेंचनेच, म्हणजे आवळायचा जोर मोजणाऱ्या पान्याने. हाताच्या अंदाजावर विश्वास असणारा हा माणूस इथे मात्र अंदाज बाजूला ठेवतो.

रेडिएटर, ब्लॉक, नळ्या साबणाच्या पाण्याने तीनदा धुतल्या. ऑईलने फुगलेले रबरी होज बदलले. बोअरचं पाणी नाही, कूलंट भरलं.

(खंबाटकी घाट, पहाट. तापमानाच्या काट्याचा जवळून शॉट.)

भरलेली गाडी, पहिल्या वळणापासून शेवटच्या वळणापर्यंत. माथ्यावर चालक गाडी बाजूला घेतो, इंजिन निवेपर्यंत बसून राहतो, मग टोपी उघडतो.

हिरवं.