पायावरचा बधिर पट्टा कोणत्या नसेचा?

श्रोतेहो, नमस्कार.

गुडघ्याखाली एकाच पायावर एखादा पट्टा बधिर होतो, तिथे मुंग्या येतात, आग होते. पाऊल मात्र नीट उचलतं, ताकद शाबूत असते. लगेच मणक्यावर संशय घेतला जातो. पण कित्येकदा दुखावलेली असते ती फक्त संवेदना वाहणारी एखादी नस.

ती कोणती, हे बधिर भागाच्या कडा सांगतात. नडगीच्या आतल्या बाजूने आतल्या घोट्याकडे उतरणारा पट्टा सॅफेनस नसेचा. ही नस रक्त वाहणाऱ्या मोठ्या शिरेला लागूनच असते, म्हणून व्हेरिकोज व्हेन्सच्या, म्हणजे फुगलेल्या शिरांच्या, किंवा बायपाससाठी शीर काढण्याच्या ऑपरेशनमध्ये दुखावते. बाहेरचा घोटा आणि करंगळीची कड सुरल नसेकडे. घोट्याचं फ्रॅक्चर, टाचेमागचं ऑपरेशन, घट्ट बूट ही तिची कारणं. पावलाची वरची बाजू सुपरफिशियल पेरोनियल नसेची. बाहेरच्या घोट्याच्या साधारण १० ते १२ सेंटिमीटर वर ती स्नायूंवरचं आवरण भेदून त्वचेखाली येते. तिथे ती आवळते, पाय मुरगळला की ताणलीही जाते. त्या जागी टिचकी मारल्यावर पावलात झिणझिण्या गेल्या, तर जागा सापडलीच म्हणा.

मधुमेहातला बधिरपणा बहुधा दोन्ही पावलांत एकदमच सुरू होतो. बधिर जागी फिकट चट्टा किंवा हाताला लागणारी जाड नस असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी हवीच.

डॉक्टर कापसाच्या धाग्याने आणि टोचून, बधिर भागाकडून चांगल्या भागाकडे येत कडा आखतात. मग स्नायूंची ताकद आणि रिफ्लेक्स, म्हणजे हातोडीच्या ठोक्याने बसणारा आपोआप झटका. गुडघ्याचा झटका मंदावला असेल तर चौथ्या कंबर-मणक्याची मुळी, म्हणजे तिथून निघणाऱ्या नसेची सुरुवात, संशयित ठरते, सॅफेनस नाही.

नर्व्ह कंडक्शन टेस्ट, म्हणजे नसेतून विजेचा सिग्नल कसा जातो हे मोजणारी तपासणी, इथे फार मोलाची. संवेदी पेशी मणक्यातल्या मुळीच्या पुढे, बाहेरच्या बाजूला असतात. त्यामुळे मुळी दाबली गेली तरी या पेशींचे पायातले तंतू शाबूत राहतात, आणि त्वचा बधिर असूनही पायातला संवेदी सिग्नल सहसा चांगला येतो. नस तुटली तर तो खुजा होतो किंवा येतच नाही. मात्र इजेनंतर पहिल्या आठवड्यात केलेली टेस्ट फसवते, कारण तुटलेला तंतूही काही दिवस सिग्नल नेत राहतो. पाय गार असला तरी वेग कमी दिसतो, म्हणून आधी तो ऊबदार करायचा. आणि दुसऱ्या पायाशी तुलना केल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही. सॅफेनसचा सिग्नल तर निरोगी वयस्कांतही कधीकधी मिळत नाही.

बधिरपणा वर सरकत असेल, पाऊल लोंबत असेल किंवा लघवीवरचा ताबा जात असेल, तर टेस्टच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.