विहिरीत तेल लागेपर्यंतचा खर्च

हे जुन्या फिल्ममध्ये दिसतंय ते सागर सम्राट, जपानला हिरोशिमात बांधलेली जॅक-अप रिग, म्हणजे तळावर पाय टेकवून समुद्रात विहीर खोदणारा तरंगता प्लॅटफॉर्म. ओळखीची वाटली ना? हल्लीची एक रुपयाची नोट उलटी करून बघा, तिच्यावर हीच आहे. मुंबईपासून पश्चिमेला साधारण 160 किलोमीटरवर हिनं समुद्राच्या तळाला पाय टेकवले आणि फेब्रुवारी 1974 मध्ये तेल लागलं, तेच हे मुंबई हाय.

आता टायमिंग बघा. 1973 च्या ऑक्टोबरपर्यंत तेलाचा भाव बॅरलला 3 डॉलरच्या आसपास होता, जानेवारीत तो 11 च्या वर गेला, त्यामुळे आदल्या वर्षी ज्या खोदकामाला लोक उधळपट्टी म्हणाले असते तेच एकदम परवडायला लागलं. खाली खडकात तेल तेवढंच होतं हो, भाव बदलला.

पण खोदायचं कुठे हे आधी कळायला हवं. 60 च्या दशकात सोव्हिएत जहाजानं खंभातच्या आखाताकडे सर्व्हे केला. पाण्यात आवाज सोडायचा, तो खालच्या थरांवर आपटून परत येतो, लांबलचक केबलवर तो पकडायचा आणि त्यावरून या ॲनिमेशनसारखा नकाशा काढायचा. यात फक्त खडकाचा उंचवटा दिसतो, आत तेल आहे की नुसतं पाणी ते ड्रिल केल्याशिवाय कळत नाही. आणि रिगचं भाडं रोजचं, तेल लागो न लागो.

हा शॉट बघा. खोदताना विहिरीत सोडलेल्या चिखलाबरोबर वर आलेले दगडाचे बारीक तुकडे अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरलेत, तेलाचा अंश असला की ते असे चमकतात. नाही चमकले तर? लोक लगेच म्हणतात पैसे बुडाले. आम्हाला हे अजिबात पटत नाही, कारण कोरडी, म्हणजे तेल न लागलेली विहीर पण खालच्या थरांची माहिती देते, पुढची कुठे घ्यायची नाही ते सांगते आणि एक मुंबई हाय सापडलं की अशा कितीतरी विहिरींचा खर्च निघतो.

मुंबई हायवरची 2005 ची आग, त्यात गेलेली 22 माणसं, प्लॅटफॉर्मभोवती मच्छीमारांना बंदी, हेही या हिशेबात आहेच.

तर मुंबई हायचं उत्पादन मे 1976 ला सुरू झालं, म्हणजे सव्वादोन वर्षांत, पाणी उथळ होतं म्हणून. आणि हे शेवटचं फुटेज कृष्णा-गोदावरीच्या खोल समुद्रातलं, इथला 98/2 ब्लॉक, म्हणजे तेल शोधायला आखून दिलेला समुद्राचा तुकडा, ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीनं 2005 मध्ये घेतला आणि पहिलं तेल निघालं जानेवारी 2024 ला. एवढी वर्षं गुंतवलेल्या पैशावर व्याज चढतच असतं.